माऊसच्या क्लिकचा बिघाड आणि घरच्या घरी दुरुस्ती

संगणकाच्या माऊसमध्ये बहुधा सर्वांत आधी निकामी होतो तो डाव्या बटणाखालचा मायक्रोस्विच. त्याची लांबी जेमतेम १३ मिलिमीटर. तो बिघडला की एकदा दाबलेले बटण दोनदा लागते, ओढत नेलेली फाईल अर्ध्या वाटेत सुटते, मजकूर निवडताना निवड मध्येच तुटते, किंवा दाबूनही काहीच घडत नाही. माऊसचा सेन्सर, वायर, बोर्ड, चाक हे सगळे धड असते. तरीही एवढ्याशा भागापायी अख्खा माऊस फेकला जातो. हा भाग बदलायला सोल्डरिंग आयर्न, पाना-पेचकस आणि तासाभराची सवड पुरते.

बीड जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न किरकोळ नाही. जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत आपले सरकार सेवा केंद्रे, सीएससी केंद्रे, झेरॉक्स-ऑनलाईनची दुकाने आणि एमएस-सीआयटीचे वर्ग माऊसवरच चालतात. सातबारा काढणे, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा अशा सगळ्या कामांत कीबोर्डपेक्षा माऊस जास्त चालतो, कारण सरकारी संकेतस्थळांवरचे अर्ज यादीतून निवडायचे, तारखेच्या चौकटीत टिचकी मारायची आणि कागद अपलोड करायचे अशाच घडणीचे असतात. खरीप पीक विम्याची मुदत जुलैअखेर येते, तेव्हा केंद्रासमोर रांग लागते. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांनी अशीच गर्दी केली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांना जाण्याआधी कागदपत्रे उरकायची असतात. अशा दिवसांत डबल क्लिक होणारा माऊस खरे नुकसान करतो. तालुक्यांची यादी उघडते आणि लगेच मिटते, नको तो पर्याय निवडला जातो, ‘सबमिट’ दोनदा लागते, ओटीपी दोनदा मागवला जातो आणि पहिला रद्द होतो. अर्जदाराला वाटते सर्व्हर डाऊन आहे. चालकालाही बऱ्याचदा तसेच वाटते.

बिघाड समजून घ्यायचा तर स्विचच्या आत डोकवावे लागते. क्षणात उलटणारा हा स्विच अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी पीटर मॅकगॉल याने १९३२ मध्ये शोधला. जपानमध्ये ओमरॉन कंपनीने १९४३ मध्ये तो देशात प्रथम तयार केला, आणि आज माऊसच्या बाजारात सर्वांत ओळखीचे नाव तिचेच आहे. तत्त्व साधे आहे. तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पत्ती आणि तिच्यातूनच कापून काढलेली वाकडी जीभ एकमेकींना ताणून धरतात. वरची प्लास्टिकची कळ हळूहळू दाबली तरी पत्ती हळूहळू खाली येत नाही. ठरावीक जागी पोचताच ती एकदम दुसरीकडे झेप घेते. टिनच्या डबीचे फुगीर झाकण दाबल्यावर टक्कन उलटते, तसे. माऊसचा परिचित आवाज त्या झेपेचा असतो. पत्तीच्या टोकावरचे टिकलीएवढे संपर्कबिंदू खालच्या स्थिर बिंदूला टेकतात आणि मंडल पूर्ण होते. स्विचला तीन पाय असतात: एक सामाईक, एक दाबल्यावर जोडला जाणारा, आणि एक न दाबलेल्या स्थितीत जोडलेला. माऊसमध्ये बहुतेक वेळा पहिले दोनच कामाचे असतात. तिसरा बोर्डाला घट्ट धरून ठेवायला उपयोगी पडतो.

धातूवर धातू आपटला की तो थोडा उसळतोच. नव्या स्विचमध्येही पत्ती टेकल्यावर काही मिलिसेकंद थरथरते आणि त्या वेळात मंडल अनेकदा जुळते-तुटते. माऊसमधील चिपला हे ठाऊक असते. पहिला स्पर्श कळल्यावर ती पुढचे काही मिलिसेकंद डोळेझाक करते. यालाच डिबाउन्स म्हणतात. स्विच जुना झाला की पत्तीचा ताण ढिला पडतो, थरथर लांबते, आणि चिपने ठरवलेली मुदत संपल्यावरही संपर्क तुटत-जुळत राहतो. चिपला तो नवा क्लिक वाटतो. विंडोजमध्ये दोन क्लिकमधील अंतर ५०० मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल तर मूळ मांडणीत त्याला डबल क्लिक समजतात. त्यामुळे हा खोटा क्लिक थेट डबल क्लिकच्या हिशेबात जातो.

ताण ढिला पडणे हे अर्धेच कारण. दुसरे आणि अधिक दुर्लक्षित कारण संपर्कबिंदूच्या धातूत आहे. सर्वसाधारण स्विचचे बिंदू चांदीच्या मिश्रधातूचे असतात. हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदीवर काळसर सल्फाइडचा थर चढतो. घरातली चांदीची भांडी काळी पडतात त्यामागेही हीच क्रिया आहे. स्विचमधून पुरेसा प्रवाह जात असेल तर तो थर जागच्या जागी फुटत राहतो. आधुनिक माऊसमध्ये, विशेषतः बॅटरी वाचवणाऱ्या वायरलेस माऊसमध्ये, स्विचमधून मिलिअँपिअरच्या छोट्या अंशाइतकाच प्रवाह जातो. एवढ्याने थर फुटत नाही, संपर्क अर्धवट होतो आणि क्लिक डळमळतो. म्हणूनच स्विच बनवणाऱ्या कंपन्या सूक्ष्म प्रवाहासाठी सोन्याचा मुलामा असलेल्या बिंदूंचे वेगळे नमुने ठेवतात. सोने काळवंडत नाही. ओमरॉनचा ‘डी२एफ-०१एफ’ हा तसा नमुना आहे, तर बाजारातल्या असंख्य माऊसमध्ये ‘डी२एफसी-एफ-७एन’ या साध्या जातीचे स्विच असतात.

स्विचवर एक कोटी, दोन कोटी, पाच कोटी क्लिकचे आयुष्य लिहिलेले असते. रोज ५,००० क्लिक धरले तरी एक कोटी क्लिक व्हायला २,००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे लागतील. प्रत्यक्षात अनेक माऊस त्याआधीच त्रास देऊ लागतात, कारण छापील आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीचा असतो. आकडा मोठा म्हणजे स्विच चांगला, हा समज म्हणूनच टिकत नाही. बिंदूंचा धातू आणि मिळणारा प्रवाह हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. धुळीला मात्र वाटते तेवढा दोष देता येत नाही. उन्हाळ्यातली काळ्या रानाची बारीक माती किंवा कापसाच्या दिवसांतले तंतू माऊसमध्ये शिरतात ते आधी चाकाच्या खोबणीत आणि सेन्सरच्या भिंगावर बसतात. स्विच हवाबंद नसला तरी चहूबाजूंनी झाकलेला असतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष खरोखर स्विचचाच आहे का हे पाहणे भाग आहे. माऊस दुसऱ्या संगणकाला लावावा. तिथेही तेच झाले तर विंडोजच्या मांडणीचा प्रश्न मिटला. वायरलेस असेल तर नवा सेल घालून आणि रिसीव्हर जवळच्या पोर्टात लावून पाहावे. क्लिक करताना माऊस पूर्णच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर दोष बहुधा वायरचा असतो, आणि तो वायर माऊसमध्ये शिरते त्या वाकणाजवळ सापडतो. सर्वांत खात्रीची परीक्षा ओढून पाहण्याची आहे. डेस्कटॉपवरच्या रिकाम्या जागेत बटण दाबून धरावे आणि निवडीची चौकट हळूहळू फिरवत राहावी. चौकट मध्येच तुटली तर दाबलेल्या अवस्थेतच संपर्क सुटतो आहे, म्हणजे दोष स्विचमध्येच आहे. माऊस उघडल्यावर मल्टिमीटर बझरवर ठेवून कामाच्या दोन पायांना टोके लावली आणि कळ दाबून धरली, तर चांगला स्विच अखंड सूर देतो. खराब स्विचचा सूर तुटक येतो किंवा रोध वरखाली होत राहतो.

रांग समोर उभी असताना माऊस उघडायला वेळ नसतो. त्यासाठी काही तात्पुरते उपाय आहेत आणि ते तात्पुरते आहेत हे लक्षात ठेवूनच वापरावेत. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये मुख्य बटण डावीकडून उजवीकडे नेता येते. उजवा स्विच कमी वापरलेला असल्याने तो बहुधा ठणठणीत असतो, आणि त्या दिवसाचे काम निभते. काही गेमिंग माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची मुदत वाढवण्याची सोय असते. लिनक्समधील लिबइनपुट हा घटक अशा खोट्या क्लिकना स्वतःहून गाळतो. मुदत फार वाढवली की मुद्दाम केलेला झटपट डबल क्लिकही गिळला जातो, शिवाय दाबून धरताना सुटणारा संपर्क या उपायांनी नेहमीच सावरला जातो असे नाही.

आता माऊस उघडण्याकडे. वायरचा माऊस आधी संगणकापासून काढावा, वायरलेसमधले सेल बाहेर घ्यावेत. आत चार्ज होणारी लिथियम बॅटरी असेल तर उघडल्यावर पहिले काम तिची जोडणी सोडवण्याचे. पेच बहुतेक वेळा तळच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा कंपनीच्या चिकटपट्टीखाली दडलेले असतात. स्वस्त माऊसमध्ये एकच पेच असतो आणि पुढची बाजू प्लास्टिकच्या खाचांत अडकलेली असते. पेच काढल्यावर मागून वर उचलून पुढे सरकवले की झाकण सुटते. जोर लावल्यास खाच मोडते. पट्ट्या उचलताना हेअर ड्रायरने किंचित गरम केल्या तर गोंद सैल होतो आणि त्या पुन्हा चिकटवता येतात. महाग माऊसमध्ये झाकण आणि बोर्ड यांच्यामध्ये पातळ रिबन असू शकते, म्हणून झाकण झटक्यात उपटू नये. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढून ठेवावा. परत जोडताना त्याचा आधार होतो.

स्विच न काढता करायचा उपाय म्हणजे कळीच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून कळ अनेकदा दाबणे. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हे द्रावण असतेच. पूर्ण वाळल्याशिवाय माऊस जोडू नये. गंज सोडवायचे तेलकट फवारे इथे चालत नाहीत. त्यांचा चिकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. थेंबाचा गुण आला तरी काही दिवस किंवा आठवडे टिकतो. पुढची पायरी स्विच उघडून बिंदू साफ करण्याची. काळ्या टोपणाच्या बाजूंना सुईने किंचित उचलले की टोपण निघते आणि पांढरी किंवा लाल कळ सुटून पडते. ती तांदळाच्या कणीएवढी असते, म्हणून खाली पांढरा कागद पसरून काम करावे. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी बिंदूंमधून दोन-चारदा ओढावी. सॅण्डपेपर वापरू नये, कारण बिंदूवरचा चांगला धातूच त्याने घासला जातो. पत्ती बाहेर काढून जिभेला पुन्हा बाक देण्याचा उपायही सांगितला जातो. तो जमतो, पण बाक थोडा जास्त झाला की क्लिक कडक होतो, कमी झाला की पत्ती झेपच घेत नाही, आणि एकदा निसटलेली पत्ती पुन्हा खोबणीत बसवणे भल्याभल्यांची परीक्षा पाहते. नवा स्विच काही रुपयांत मिळत असताना हा खटाटोप, हाताशी दुसरा स्विच नसेल तेव्हाच करावा.

टिकाऊ उपाय स्विच बदलण्याचाच. त्यासाठी पैसे खर्च करावेच लागतील असेही नाही. त्याच माऊसचा उजवा स्विच बहुधा डाव्याच्याच जातीचा असतो. दोघांची अदलाबदल केली की थकलेला स्विच कमी वापराच्या जागी जातो. बंद पडलेल्या जुन्या माऊसमधूनही स्विच मिळतात. शाळांच्या संगणक कक्षांत आणि ग्रामपंचायतींच्या कपाटांत गोळीवाले जुने माऊस पडून असतात, आणि त्यातल्या अनेकांत हेच मानक मापाचे तीन पायांचे स्विच असतात. त्या काळच्या माऊसमधले जपानी बनावटीचे स्विच आजच्या स्वस्त स्विचपेक्षा चांगले निघाले तर आश्चर्य नाही. नवे घ्यायचे तर ऑनलाईन मिळतात. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे आहेत. ओमरॉनशिवाय काइल, हुआनो, टीटीसी या चिनी कंपन्यांचे स्विचही चांगले चालतात. नकली ओमरॉनही भरपूर विकले जातात, तेव्हा खूप स्वस्त दिसणाऱ्या जपानी ओमरॉनवर विश्वास ठेवू नये. निवडताना आधी माप पाहावे: १२.८ मिलिमीटर लांबी, ५.८ मिलिमीटर रुंदी आणि पायांमध्ये ५.०८ मिलिमीटर अंतर. लहान किंवा चपट्या माऊसमध्ये याहून ठेंगणे किंवा दोन पायांचे स्विच असतात, आणि चाकाखालचा तर बऱ्याचदा निराळ्याच घडणीचा असतो. माप जुळल्यावर दाबाचा विचार करावा. दिवसभर अर्ज भरणाऱ्याला हलका स्विच बोटाला सोयीचा. गेमसाठी काहींना कडक आवडतो. डावा-उजवा दोन्ही एकदमच बदलले तर दाब आणि आवाज सारखा राहतो.

सोल्डरिंग हाच या कामातला खरा कस आहे. शिशाचे ६०:४० सोल्डर साधारण १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते, तर कारखान्यात वापरलेले बिनशिशाचे सोल्डर २१७ अंशांच्या पुढे. म्हणून जुने टाके थेट ओढू पाहण्याऐवजी तिन्ही पायांवर आधी थोडे फ्लक्स आणि नवे शिशाचे सोल्डर घालावे. दोन्ही मिसळले की एकूण मिश्रण कमी उष्णतेत पातळ राहते. मग डिसोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या विकने ते उपसावे. सामाईक पाय अनेकदा बोर्डाच्या मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला असतो. तो पट्टा उष्णता खेचून घेतो, त्यामुळे तिथे टोक थोडे अधिक टेकवावे लागते. इथेच नवशिक्यांचा बोर्ड खराब होतो. स्वस्त माऊसचे बोर्ड एकाच बाजूला तांबे असलेले, तपकिरी कागदी थराचे असतात. टोक फार वेळ टेकवले किंवा स्विच जबरदस्तीने उपटला की तांब्याची टिकली बोर्डावरून सुटते. सुटलीच तर पायापासून पुढच्या जोडापर्यंत बारीक तार टाकून काम चालवता येते. महाग माऊसच्या बोर्डात भोकांच्या आतूनही तांबे असते, म्हणून सोल्डर वरून पूर्ण निघत नाही. तिथे एकेक पाय गरम करत स्विच आलटून-पालटून हलवत बाहेर काढावा लागतो.

नवा स्विच बसवताना दिशा चुकवू नये. कळ स्विचच्या मधोमध नसते, एका बाजूला असते, आणि बटणाखालचा प्लास्टिकचा दांडा तिच्यावरच यावा लागतो. उलटा बसवला तर बटण हवेत दाबले जाते, पाय भलतेच जोडले जातात. आधी एकाच पायाला टाका घालून स्विच बोर्डाला सपाट टेकला आहे ना हे पाहावे, मग उरलेल्या दोन पायांना टाके घालावेत. टाका चकचकीत आणि पायाभोवती चढता असावा, गोळा झालेला नसावा. प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंद पुरतात. त्याहून जास्त उष्णतेने स्विचमधले प्लास्टिक मऊ होऊन नवा स्विचही अडकू लागतो. काम खिडकीजवळ करावे, धूर नाकात घेऊ नये, शिशाचे सोल्डर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि लहान मुले जवळ नसावीत.

हे सगळे स्वतःला जमणार नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज यांसारख्या तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीची दुकाने आहेत. मोबाईलच्या चार्जिंग पिनपेक्षा माऊसचा स्विच बदलणे कितीतरी सोपे आहे. कारागिराला माऊस आणि बदलायचा स्विच दोन्ही नेऊन दिले तर काम लवकर होते. बऱ्याच दुकानांत हे काम होत नाही ते ग्राहक मागत नाहीत म्हणून. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीही डिसोल्डरिंग शिकायला बंद माऊसइतके स्वस्त साहित्य दुसरे नाही. तीन पाय, मोठ्या टिकल्या, आणि चुकले तरी नुकसान शून्य.

स्विच बदलूनही क्लिक दोनदा न लागता उलट चुकतच असेल तर झाकणाकडे पाहावे. बटणाखालचा दांडा वर्षानुवर्षे एकाच जागी दाबला जातो आणि त्याला खळगा पडतो. त्या खळग्यात चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला की बटण आणि कळ यांतले अंतर भरून निघते. जाड तुकडा लावला तर बटण सतत दाबलेले राहते, म्हणून एक थर लावून पाहावे आणि मग दुसऱ्याचा विचार करावा. झाकण लावण्याआधी बोर्ड नुसता जोडून पुन्हा तीच ओढण्याची परीक्षा करावी.

नव्या माऊसमध्ये या दुखण्यावर दुसऱ्या अंगाने उपाय शोधले गेले आहेत. प्रकाशाच्या स्विचमध्ये धातूचे बिंदूच नसतात. बटण दाबले की अवरक्त किरणाची वाट मोकळी होते किंवा अडते, आणि त्यावरून क्लिक ओळखला जातो. थरथर नाही, काळवंडणे नाही. रेझर कंपनीने २०१९ मध्ये वायपर माऊसमध्ये ते आणले, लॉजिटेकने २०२२ च्या जी५०२ एक्समध्ये प्रकाश आणि यांत्रिक टक यांचा मेळ घातला. काही माऊसमध्ये स्विच सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेले असतात आणि चिमट्याने बदलता येतात. सेवा केंद्रासारख्या रोजच्या वापराच्या जागी पुढच्या खरेदीत सॉकेटचा माऊस घेणे सर्वांत शहाणपणाचे ठरेल, पण ग्रामीण बाजारात अजून तीनशे-चारशे रुपयांचा साधा माऊसच चालतो, आणि त्याचे दुखणे वर सांगितलेलेच राहणार आहे.

हमीतला माऊस मात्र उघडू नये. अनेक नामांकित माऊसवर एक ते तीन वर्षांची हमी असते आणि डबल क्लिकच्या तक्रारीवर तो बदलून मिळू शकतो. चिकटपट्टी फाटली की तो हक्क बहुधा जातो. बिल जपून ठेवावे, आणि विक्रेत्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टलही सुरू केले आहे.

बोर्ड जळलेला, पाण्यात पडलेला किंवा सेन्सर गेलेला माऊस दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पण त्यातले स्विच, पेच आणि वायर काढून ठेवण्यासारखे असतात. उरलेले प्लास्टिक आणि बोर्ड उकिरड्यावर जाळू नयेत, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडेच द्यावेत. प्रत्येक सेवा केंद्राने, शाळेने आणि संगणक वर्गाने बंद माऊस फेकण्याऐवजी एका खोक्यात जमवावेत आणि वर्षातून एकदा, पीक विम्याची गर्दी सुरू होण्याआधी, तालुक्याच्या कारागिराकडून त्यांतले जमतील तेवढे दुरुस्त करून घ्यावेत.